डब्यावरची चुंबळ

चुंबळ डब्यावरच होती. डोक्यावर ओझ्याखाली घ्यायची, जुन्या हिरव्या लुगड्याच्या पट्टीची, मधोमध दबलेली, आणि एका अंगाला पिठाचा पांढरा थर — तो आधीपासूनचा की या अकरा दिवसांत गिरणीत उडून बसलेला, हे आता कोणी सांगायचं. साळूबाईनं रोजच्यासारखी त्यावरून नजर काढून घेतली आणि पट्टा चाकावर चढवला. डबा स्टीलचा, झाकणावर ठिपक्यांनी कोरलेलं, ‘चि. सौ. कां. नंदा हिस कडूबामामाकडून’. बाकीचे डबे येत होते, दळून जात होते, आणि हा भिंतीकडेला तसाच. बाया त्याला वळसा घालून आपले डबे ठेवत, पण त्याच्याविषयी कोणी अवाक्षर काढत नसे.

सकाळी द्वारकाबाई येऊन गेली. बायांच्या मंडळाची ती अध्यक्ष, अंगणवाडीत शिकवते, चार अक्षरं जास्त शिकलेली, म्हणून कागदपत्रं तिच्याकडं.

“तीनला जीप येईल,” ती म्हणाली. “मुंबईच्या बाई परतूरहून सरळ हितंच येणार. पुढं पैसे द्यायचे का न्हाई, ते आज बघून ठरवून राह्यल्या. तो डबा मागच्या खोलीत ठेव.” मग आवाज उतरवून, “आन् नंदाचं निघालं तर मी बोलते. तू गप राह्य.”

“काय सांगशील?”

“आपल्याकडं आल्तीच न्हाई म्हणून.”

साळूबाईनं मान हलवली. डबा मात्र हलवला नाही. दोनदा कडीला हात घातला होता, दोनदा सोडला. द्वारकाबाईला वाटत होतं डब्यात ज्वारी आहे. ज्वारी असती तर… ज्वारी असती तर मी हे अकरा दिवस जेवले असते, साळूबाईला वाटलं, आणि समोरच्या बाईचा डबा तिनं गिरणीच्या तोंडात रिकामा केला.

याच मुंबईच्या बाई दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा इथं आष्टीला आल्या होत्या. तेव्हा मंडळाकडं काहीच नव्हतं. पारावर बसावं तर शेजारी गडीमाणसं तंबाखू मळत बसलेली. तिथं कोणती बाई सांगणार की काल रात्री मला कशानं मारलं? बँकेत गेलं तर साहेब म्हणे नवऱ्याची सही आणा. ज्याच्याविरुद्ध जायचं त्याचीच सही! ग्रामपंचायतीनं खोली देऊ म्हणून दोन निवडणुका काढल्या. आणि ह्या बाई आल्या, खाली घोंगडीवर बसल्या आणि म्हणाल्या, “तुम्हाला काय लागतं ते तुम्हीच सांगा.” असं कोणी कधी विचारलेलंच नव्हतं, तेव्हा बाया एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. द्वारकाबाईच्या ओठावर शिलाई मशिनी होत्या. साळूबाई मध्येच बोलून गेली, “गिरणी.”

“गिरणी कशाला?”

“आवाजासाठी.”

बाई हसल्या नाहीत. मग सांगावंच लागलं — की पोलीस ठाण्यात जाणारी बाई गावाला दिसते, मंडळात जाणारीही दिसते, पण डोक्यावर डबा घेऊन दळायला निघालेल्या बाईला कोणी कुठं चाललीस म्हणून विचारत नाही. आणि गिरणी चालू असली की दारात उभ्या माणसालासुद्धा आतलं एक अक्षर ऐकू जात नाही, तोंड कानाला लावावं लागतं. बाईंनी ते सगळं लिहून घेतलं. पैसे आले, आणि कुणाच्या नवऱ्याची सही लागली नाही.

त्याच पैशांतून ही खोली, ही जुनी गिरणी, आणि एसटीचं भाडं, अर्जाचा कागद, ज्या दिवशी ठाण्यात बसून राहावं लागे त्या दिवशीची बुडालेली मजुरी. सोनूबाईच्या लेकीला घेऊन सातजणी परतूरला गेल्या आणि अंधार पडेपर्यंत उठल्या नाहीत, तेव्हा कुठं हवालदारानं पेन उघडलं. आधी एवढी ऐपत कोणाची होती? एक दिवस रोज बुडला की चूल बंद. ती लेक आज जाफराबादेत स्वतःच्या पायावर उभी आहे. हे सगळं खरं आहे. द्वारकाबाई आज जीपमधल्या बाईंना हेच सांगेल आणि त्यात खोटं काही नसेल.

चुंबळीची खूण कोणी ठरवली नव्हती. डबा उतरवल्यावर बाया चुंबळ खांद्यावर टाकतात, हातात घोळवतात, लेकराला खेळायला देतात. एकीनं एकदा ती डब्यावरच राहू दिली आणि तिला बोलायचं होतं. मग दुसरीनं. मग झालंच. चुंबळ डब्यावर दिसली की साळूबाई तो डबा मागं ठेवायची, बाकीच्या गेल्या की दगड सैल करायची, गिरणी मोकळी फिरवायची आणि कान पुढं करायची. गावातल्या पुरुषांना याचा पत्ता नव्हता. सासवांना होता की नाही, ते कधी कळलं नाही.

आवाजाचं तिला कळलं होतं ते तिच्या सासरी. तिकडं नवरा मारायला उठला की सासू आधी रेडिओ मोठा करायची. शेतीच्या बातम्या, खतांचे भाव, आणि त्याखाली साळूबाई. शेजारपाजारी तेवढेच भाव ऐकायचे. कधीतरी आपल्याकडंही एक आवाज असावा, असं तेव्हाच कधी मनात येऊन बसलं असेल… पण हे तिनं मुंबईच्या बाईंना सांगितलं नव्हतं.

नंदाचा डबा आला त्या दिवशी लाईट नव्हती. दुपारपासून गेलेली. दारासमोरच्या पानटपरीवर भुजंग बसला होता, नंदाचा नवरा, आणि त्याच्या बाजूला दोघंतिघं. गिरणी गप होती म्हणून त्यांचं खाकरणंसुद्धा आत येत होतं. नंदा आली, डबा उतरवला, चुंबळ वर ठेवली. ठेवून हात काढला नाही, तसाच दाबून धरला, जशी ती उडून जाणार होती. गळ्याशी पदर घट्ट ओढलेला. साळूबाईनं पाहिलं. पाहिलं नाही असं नाही. आणि टपरीपर्यंत ऐकू जावं अशा बेतानं, मोठ्यानं म्हणाली, “लाईट न्हाई बाई. डबा राहू दे हितंच, लाईट आली की दळून ठेवते. उद्या सकाळी ने.”

नंदाचे ओठ हलले, पण बाहेर भुजंग काहीतरी बोलून हसला आणि ते तसेच मिटले. ती रिकाम्या हातानं गेली.

आपण किती हुशारीनं निभावलं, असंच तेव्हा वाटलं होतं. डबा इथं राहिला म्हणजे उद्या यायला निमित्त झालं, भुजंगला संशय नाही, काही नाही. दिवेलागणीला लाईट आली. साळूबाईनं झाकण उघडलं. आत पीठ होतं. दळलेलं, चाळलेलं, भाकरीला घ्यायचं तेवढं उरलेलं. दळायला घरात दाणे नव्हते, म्हणून पोरीनं होतं ते पीठच डोक्यावर घेतलं होतं. झाकण हातात धरून ती उभी राहिली. तेव्हाच निघायला हवं होतं, तो डबा उचलून नंदाच्या सासूच्या, आसराबाईच्या दारात जायला हवं होतं, पीठ विसरलं म्हणून हाक मारायला हवी होती. आणि तिनं झाकण लावलं. सकाळी बघू म्हणाली. मनाशीच म्हणाली.

सकाळी गावात बातमी होती की स्टोव्हचा भडका उडाला. त्या घरात स्टोव्ह आहे, हे गावाला त्याच दिवशी कळलं. नंदाला जालन्याला नेलं, तिसऱ्या दिवशी संपलं.

“साळू, आमचा डबा राह्यलाय.”

आसराबाई दारात होती. भुजंगची आई. कधी आली ते गिरणीच्या घरघरीत कळलंच नव्हतं. साळूबाईच्या पोटातून राग उसळला, अकरा दिवस ह्याच बाईसाठी साठवून ठेवलेला. सगळं हिच्यावर टाकता येत होतं म्हणून तर ती रोज गिरणी उघडू शकत होती.

“न्या की, काकू,” एवढंच ती म्हणाली.

शेवटच्या दोघी आपले डबे उचलून झटकन निघून गेल्या. आसराबाई खाली बसली. चुंबळ उचलली, अंगठ्यानं चेपून बघितली, बाजूला ठेवली. झाकण काढलं. चिमूटभर पीठ घेऊन नाकाशी नेलं. कोंदट झालेलं असणार. बराच वेळ ती आत बघत होती. मग तिनं झाकण घट्ट बसवलं, आणि चुंबळ उचलून बरोबर मधोमध, परत डब्यावर ठेवली. आणि उठली नाही.

साळूबाईला धास्तावल्यासारखं झालं. म्हातारीला खूण ठाऊक होती की हातातली वस्तू नुसती टेकवली? विचारणार कसं? हात आपसूक दगडांच्या चाकाकडं गेला, दगड सैल झाले, गिरणी मोकळी फिरायला लागली. ती वाकली, कान पुढं केला. आसराबाईच्या तोंडाचा वास आला, उपाशी माणसाच्या तोंडाला येतो तसा.

आणि लाईट गेली.

पट्टा दोनचार फेरे फिरून थांबला. बाहेर टपरीवर कोणीतरी चुना मागत होतं. भुजंगचाच आवाज. मग तोही थांबला. लांब, परतूरच्या बाजूनं जीपसारखं काही येत होतं, किंवा ट्रॅक्टर असेल.

‘लाईट आली की बोलू.’ शब्द साळूबाईच्या जिभेवर तयार होते, नेहमीचे, गुळगुळीत. म्हातारी आवाज खाली करेल असं तिला वाटलं. निदान दाराकडं बघेल.

“त्या दिशी घरात पीठ नव्हतं, साळू,” आसराबाई म्हणाली. मोकळ्या आवाजात, बाहेर चांगलं ऐकू जाईल असं. “तो जेवायला बसल्ता. पीठ कुठंय म्हणला.”

गिरणी कुणासाठी मागितली होती आपण? बोलणाऱ्या बाईसाठी, असंच दोन वर्षं समजून चाललो. आवाज तर ऐकणारीला हवा होता. त्याच्या आडोशानं आजवर कान दिला, आणि तो नव्हता त्या दिवशी कानच काढून घेतला. साळूबाईला स्वतःची इतकी शिसारी आली की ती जमिनीवरच बसली, डब्याच्या पलीकडं, आसराबाईच्या समोर. बाहेर अजूनही कोणी बोलत नव्हतं. आसराबाईचं अजून संपलेलं नव्हतं, आणि साळूबाईला ते सगळं ऐकायचं होतं, त्यात आपलं नाव येईपर्यंत, आणि आल्यावरही.