चोळीबांगडीची जमीन

कारखान्याच्या दारातल्या यंत्राने वैष्णवीचा चेहरा ओळखलाच नाही. तिने स्कार्फ खाली ओढला, केस मागे सारले आणि पुन्हा समोर उभी राहिली. पुन्हा लाल दिवा. मागच्या बायका चुळबुळायला लागल्या.

"वैनी, जरा बाजूला या," गेटवरचा कैलास म्हणाला. तो तिच्याच गावचा, उरवड्याचा, ओळखीचा. पण आज मान वर करेना. "तुमचं नाव काढलंय मशिनीतनं. तुमच्या जागी रोहितला घेतलंय. मगाशीच आत गेला की त्यो. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

रोहित म्हणजे तिचा धाकटा दीर. वैष्णवीला आधी हसूच आलं. सकाळी तिच्याच हातची भाकरी खाऊन स्वारी "पिरंगुटला काम हाय" म्हणत निघाली होती. मग हसू जिरलं. आज तर ती नव्या लाइनची लीडर होणार होती!

गाड्यांच्या वायरी जोडणाऱ्या त्या कारखान्यात एक अख्खी लाइन बायकांची करायचं ठरलं होतं. बायकांना रात्रपाळीची मुभा मिळालेली. रात्रपाळी आली की कंपनीची गाडी दारातून नेणार, दारात सोडणार, सोबत बाई गार्ड. जागोजागी पोस्टर लागली, पेढे वाटले गेले, आणि लीडर म्हणून वैष्णवीचं नाव पुकारलं तेव्हा बायकांनी शेड डोक्यावर घेतली होती.

ऑफिसातल्या गौतमी मॅडम मूळच्या लातूरच्या. बायकांच्या भरतीचं सगळं त्याच बघायच्या.

"अहो वैष्णवीताई, तुमचे सासरे आले होते ना! म्हणाले, सून आता घरीच राहणार. जमीन दिलेल्या घराला एक नोकरी, हे पहिल्यापासूनच आहे. माणूस बदलायचा असला की घरचे येऊन सांगतात, आम्ही बदलतो."

"आन मला इचारलं न्हाई?"

हे मॅडमच्या डोक्यातच आलं नव्हतं. "मला वाटलं, तुम्हीच पाठवलंय त्यांना," त्या कशाबशा म्हणाल्या. "सॉरी, ताई. पण जागा तुमच्या घराची. घरातला वाद कंपनी कशी मिटवणार, असंच वरचे म्हणतील."

वैष्णवी घरी आली तेव्हा सासरा, भिवाजी, ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होता.

"मामा, माझी नोकरी रोहितला दिली तुमी?"

"तुझी कशी? घरची हाय ती." त्याने शांतपणे गालाला फेस लावला. "बाईमाणूस रातच्याला कामाला जाणार, गाव काय म्हणंल? लोकं बोलली की तू नोकरी सोडली असतीस, जागा वाया गेली असती. आता घरातच ऱ्हायली का न्हाई? पगार येतोयच. तुझं काय गेलं?"

भिवाजी वाईट माणूस नव्हता, हीच तर खरी पंचाईत. पावसापाण्याचं सुनेला मोटारसायकलवरून गेटपर्यंत सोडणारा हाच. एका पोराकडचं वावर दुसऱ्याकडे कसायला द्यावं, तशी त्याने नोकरी दिली होती आणि वर घराचं भलं केल्याचं समाधानही होतं. वैष्णवीने नवऱ्याला फोन लावला. तो टँकरवर होता. "व्हय, आप्पा बोल्लं व्हतं मला," तो म्हणाला आणि घाईने फोन ठेवला. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं.

तेवढ्यात सासू, साळूबाई, दाराशी आली.

"कंपनीत जमीन कुनाची गेली?"

"आपली," भिवाजी आरशात बघत म्हणाला.

"आपली न्हाई. माझी. माझ्या बानं मला चोळीबांगडीला दिलेली. कंपनीच्या कागदावर अंगठा माझा हाय. आन त्या जमिनीपायी मिळाल्याली नोकरीची जागा मी वैष्णवीला दिली व्हती."

भिवाजीचा वस्तरा गालावरच थांबला. अर्ध्या तोंडाला फेस, आणि डोळे असे विस्फारलेले, जणू ओळखीची बाई दारात अनोळखी होऊन उभी राहिली होती. तो खरोखरच विसरून गेला होता.

हे वैष्णवीलाही नवीनच होतं, पण तिचा संताप उफाळून आला. "आत्या, मामा तिकडं गेलं तवा का न्हाई बोल्ला तुमी?"

"हिंमत झाली न्हाई," साळूबाई म्हणाली. "चल आता. चप्पल घालते."

दोघी सहा आसनी रिक्षाने कारखान्यावर गेल्या. जमीन दिल्यापासून साळूबाईने तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. गौतमी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. दोनदा आत साहेबांकडे जाऊन आल्या.

"नोकरीचं बघू म्हणतात, कागद बघून," त्या म्हणाल्या. "पण लीडर आज दुसरी नेमली, ताई. लाइन चालू झाली. ते आता नाही बदलणार. थांबावं लागेल तुम्हाला."

"थांबतो की," साळूबाई म्हणाली. मॅडमनी खुर्ची पुढे केली तरी ती भिंतीला टेकून फरशीवरच बसली. "माझीच जमीन हाय." वैष्णवी तिच्या शेजारी टेकली.

आत जेवणाची सुटी संपल्याचा भोंगा झाला आणि लाइन पुन्हा सुरू झाली. वैष्णवीचे हात मांडीवर नुसते पडून राहिले.