करा विचार

बायको वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीला शब्दकोडं द्यायची. तिचे संकेत फसवे असायचे. 'पुढून वाचा, मागून वाचा, तेच. बुडालं की संपलं.' उत्तर, जहाज. मी वेल्डर, मला अर्धंच कोडं सुटायचं. ती म्हणायची, "अहो, ठिणग्या पाडून शब्द चिकटत नाहीत."

आजार मेंदूत उतरला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता विसरायला लागतील. मी भेटेल त्याला सांगायचो, हातपाय गेले तरी तिचं डोकं शाबूत आहे, रविवारचं कोडं बघा. मेहुणा म्हणाला, तुमच्यापेक्षा तरी शाबूत. तीही हसली. तिच्या उशाशी बसून मी कोडं सोडवायचो आणि अडलं की तिला विचारायचो. ती हसून एवढंच म्हणायची, "करा विचार." ती सवय जुनीच. आयुष्यात कधी उत्तर सांगितलं असेल तर शपथ.

ती गेल्यानंतर तिचं शेवटचं कोडं छापून आलं. एक शब्द राहिला. पुढच्या रविवारी उत्तर आलं, पण ते कसं आलं ते कळेना. म्हणून कचेरीत गेलो. पुरवणी बघणाऱ्या बाईंनी चहा मागवला आणि चटकन उलगडून दाखवलं. मी म्हणालो, बघा, शेवटपर्यंत कसं चालत होतं तिचं डोकं.

बाईंनी कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "काका, हा संकेत माझा आहे. पावसाळ्यापासूनचे सगळेच माझे."

बायको पाठवायची त्याचा अर्थच लागेनासा झाला होता. ते तिलाही कळलं होतं. तिनंच फोन करून सांगितलं, कोडं तुम्ही रचा, नाव माझं राहू द्या, आमच्या ह्यांना कळता कामा नये.

तिनं स्वतः लिहिलेला शेवटचा संकेत कोणता, मी विचारलं. बाईंनी टाळून पाहिलं. मी उठेचना.

"'पाणी दाराशी आलंय, चपला आत घ्या.' तीन अक्षरी. काका, त्याला उत्तर नाहीये."

घरी येऊन तीन चौकटी आखल्या. रोज बसतो. एकही अक्षर बसत नाही. मेहुणा म्हणतो, नाद सोडा. पण खास तिचं असं एवढंच उरलंय. अडलं की अजून मान उशीकडे वळते. विचारायला ती नाही. आणि होती तेव्हाही तिला ठाऊक नव्हतं.