पट्ट्याला हळदकुंकू

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्यावरून मी पडले नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझी धाकटी जाऊ धुरपदाबाई सगळ्या भडगावात तसंच सांगत फिरते. मी उडी मारली! पोरी नुसत्या बसून झोके घेत होत्या. म्हटलं, उभ्याने झोका कसा चढवतात ते यांना दाखवावं. लिंबाच्या शेंड्याला लावला आणि उतरताना उडी घेतली. पाऊल जमिनीत रुतलं, गुडघा आत वळला. कट्ट!

आमच्या ह्यांनी मालिशवाला आणला. त्याने गरम तेल लावून असा रगडला, की सकाळी गुडघ्याचं टरबूज. शेवटी सून सविता मला जळगावला घेऊन गेली. डॉक्टरांनी मशीनमध्ये घालून फोटो काढला. म्हणाले, "हाडाला हाड बांधणारी दोरी असते, तिला लिगामेंट म्हणतात. तुमची आतल्या बाजूची अर्धवट फाटलीय. ऑपरेशन नको. पट्टा बांधा, व्यायाम करा, दोरी आपली आपण सांधते. मालिश मात्र बंद."

मी एकच विचारलं, "श्रावणात कानबाई देवी डोक्यावर घेऊन गिरणा नदीवर विसर्जनाला जाईन ना?"

"ते तुम्ही व्यायाम किती करता त्यावर," डॉक्टर म्हणाले.

आमच्या भाऊबंदांची कानबाई माझ्या घरी बसते आणि घराण्याची थोरली सून, म्हणजे मी, तिला डोक्यावर नेते. मी नाही नेली तर धुरपदा नेणार. आणि एकदा का कानबाई तिच्या डोक्यावर चढली, की धुरपदा तिला उतरू देणार आहे होय?

पाचोऱ्याला व्यायाम शिकवणारी मृणाली म्हणून पोरगी होती. पहिल्याच दिवशी म्हणाली, "आजी, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी आहे, ती दाबा."

"आजी तुझ्या घरी. मला अक्का म्हण."

"बरं अक्का, दाबा."

"किती जोरात?"

"कणीक मळता तशी."

मग काय! कानबाईच्या नैवेद्याला रोटाची कणीक मळणारी बाई मी. असा दाबला की मांडी दगडासारखी झाली. पोरगी हरखली. घरी सविता माझ्या डोक्यावर बसायची. "आत्याबाई, पाय उचला. आत्याबाई, टाच सरकवा." सासू मी का ती, कळेना. पण काठी सुटली, मग जिना आला. कानबाईच्या आधी मृणालीने मला एका पायावर उभं केलं. हलले नाही!

"न्या कानबाई," ती म्हणाली. "पण पट्टा बांधूनच. नाचायचं नाही, आणि वजन घेऊन खाली बसायचं नाही."

रविवारी कानबाई बसली, रोटाचं सोवळं. घामट पट्टा घालून कानबाईपुढे कसं जायचं? मी तो काढून खुंटीला टांगला. उंबरा ओलांडताना गुडघा लचकला, चौकट धरली म्हणून वाचले. धुरपदा टपलेलीच. "राहू दे व अक्का. मी शे ना!"

माझ्या अंगाची लाही झाली. सविताने पट्टा धुतला, कानबाईच्या नव्या वस्त्राशेजारी पंख्याखाली वाळत घातला आणि विसर्जनाच्या सकाळी त्याला हळदकुंकू लावून माझ्यापुढे धरला.

"घ्या आत्याबाई. आता हा बी कानबाईचा."

मी लुगडं वर खोचून पट्टा आवळला. दिसू दे सगळ्यांना! डोक्यावर पाट, पाटावर नथ घातलेली कानबाई, पुढे डफ, बाया फुगड्या घालतायत, आणि मधोमध मी, ताठ. पाय थिरकत होते, पण मी दात आवळून सरळ चालले.

घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यात शिरले. गिरणेत रीत अशी, की नेणारीने पाण्यात खाली बसायचं, मग बाकीच्यांनी पाट उतरवायचा. धुरपदा पाण्यात हात पसरून उभीच. "बस ना व खाले! का मी लेऊ?"

बसायचं तर नव्हतं. बसले असते तर पाट तिच्या हाती आणि मी पाण्यात आडवी. मी मागे ओरडले, "सविता, वरच्या पायरीवर ये!"

सविता माझ्या पाठीशी वरच्या पायरीवर आली आणि उभ्याउभ्याच माझ्या डोक्यावरून कानबाई अलगद उचलली. बाया ओरडल्या. डफवाला तर वेडाच झाला!

परतताना धुरपदा जवळ आली, हळूच. "मना गुडघा बी दुखस व अक्का. तो पट्टा मले देशी का?"

"माझ्या मापाचा आहे तो," मी म्हटलं. "तू आधी डॉक्टरला दाखव. आणि कणीक मळायला शीक!"