बसव्वाने विणलेला जमखाना

मित्रांनो, मी एक जमखाना आहे आणि आता पुरता जुना झालो आहे. तुमच्याकडे मला सतरंजी म्हणत असतील; आमच्या हुमनाबादेकडे जमखानाच म्हणतात. अंगावर लाल-निळे पट्टे, दोन्ही टोकांना गोंडे. मधला भाग इतका विरला आहे की खालची फरशी दिसते. त्याचे मला वाईट वाटत नाही. ज्या वर्षांत माझा एक धागाही झिजला नाही, ती वर्षे सांगणेच जड जाते.

मन्नाएखेळ्ळीच्या पुढे, सडकेपासून आत, कुष्ठरोग्यांची एक वस्ती होती. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये मी विणला गेलो. माझ्या मागावर बसव्वा बसायची. ती निर्णा गावची. अंगावर चट्टे दिसू लागले तसे नवऱ्याने तिला बैलगाडीतून आणून वस्तीच्या फाटकाशी उतरवले आणि गाडी वळवली. हे तिने शेजारच्या मागावरच्या बाईला एकदाच सांगितले, सुताला गाठ मारता मारता, आज काय शिजवले ते सांगावे तसे.

तिच्या बोटांना काही कळत नसे. दोऱ्याने बोट कापले तरी रक्त दिसल्यावरच तिला समजायचे. म्हणून ती हातांना चिंध्या गुंडाळून बसायची, आणि दुसऱ्या बायका जे चाचपून बघत ते ती टक लावून बघायची. मी फार सावकाश पुरा झालो, पण घट्ट झालो.

दर दिवाळीला वस्तीतले जमखाने आणि टॉवेल हुमनाबादेला विक्रीला जात. प्रत्येकावर एक चिठ्ठी टाचलेली असे: ‘ही दिवाळीची भेट घेऊन आपण रुग्णांच्या औषधपाण्याला हातभार लावला आहे.’ मला नलिनीबाईंनी घेतले. मुलींच्या एका शाळेच्या त्या मुख्याध्यापिका होत्या. मला एकट्यालाच नाही, अर्धे टेबल त्यांनीच रिकामे केले. नात्यागोत्यात आणि शाळेत त्या दिवाळीला जमखाने भेट देत. शाळेच्या समारंभात पाहुण्यांनी त्यांचे नाव घेतले, मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यात खोटे काही नव्हते. त्यांच्यासारख्यांनी घेतले म्हणून वस्तीत औषधे आली, गळक्या शेडवर नवे पत्रे चढले. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे ऐकून तुम्ही त्यांना वाईट म्हणाल.

घरी आणल्यावर त्यांनी मला माळ्यावर ठेवले. उलगडले नाही. नलिनीबाईंच्या नणंद इंदुताई संतपूरला असत. त्यांनी आपल्याला मिळालेला जमखाना ज्वारीच्या पोत्यांवर टाकला, असे खालच्या बोलण्यातून माझ्या कानावर आले. कोणी तिरस्काराने बोलत नव्हते. काम फार चांगले आहे, असेच सगळे म्हणत. बसायला मात्र घरात दुसरे अंथरूण होते.

मित्रांनो, घडी करून ठेवले की सुरुवातीला दुमडलेली जागा दुखते. पुढे काही कळेनासे होते. दिवाळी आली की तळणाचा वास वर यायचा. आपल्या राज्याचे म्हैसूर हे नाव जाऊन कर्नाटक झाले, तेही मी खालच्या रेडिओवर ऐकले. आनंद नाही, दुःख नाही. मी पडून होतो.

एका दुपारी नलिनीबाईंनी स्वतः मला खाली काढले आणि बाहेरच्या ओसरीवर अंथरले. समोर बसव्वा उभी होती. ती बरी झाली होती. वस्तीच्या डॉक्टरांनीच तिला पाठवले होते. बाई आपल्यासाठी इतके करतात, त्यांच्या शाळेच्या वसतिगृहात झाडलोटीचे काम नक्की मिळेल, असे त्यांना वाटले होते.

“तुमच्या वस्तीतलाच आहे,” नलिनीबाई म्हणाल्या. “किती जपून ठेवलाय बघ. बस की.”

बसव्वा बसली, पण माझ्या शेजारी, उघड्या फरशीवर. तिने माझे टोक उलटून पाहिले. रंग कालचाच असावा तसा होता. अंगावर घड्यांच्या रेघा उठल्या होत्या. चिठ्ठी टाचलेलीच होती.

“ह्यो मीच इनलेला हाय,” ती म्हणाली. मग तिने विचारले, “बाई, ह्याची घडी कामून मोडली न्हाई?”

नलिनीबाईंनी आत चहा सांगितला. घरात काम करणाऱ्या नागूबाईने चहा आणला, कान तुटलेल्या कपात. मग नलिनीबाई हळू आवाजात समजावू लागल्या. वसतिगृहात लोकांच्या मुली आहेत, त्यांचे आईबाप काय म्हणतील. आपल्याला स्वतःला काही नाही, पण सगळ्यांचे बघावे लागते. पुढच्या दिवाळीला आणखी जमखाने घेईन, असेही त्या म्हणाल्या.

“जमखानं लई इनले, बाई,” बसव्वा म्हणाली. “आता काम पाहिजे व्हतं.”

तिने चहा पिऊन कप नळावर स्वतःच धुतला आणि पालथा ठेवून गेली. तिच्या जाण्याचे मला काही वाटायला हवे होते. वाटले नाही. नागूबाईने मला दोन बोटांनी उचलले आणि मी पुन्हा माळ्यावर गेलो. पुढच्या दिवाळीला नलिनीबाईंनी खरोखरच जास्त जमखाने घेतले.

त्यानंतर काही वर्षांनी, नलिनीबाई निवृत्त झाल्यावर, त्यांचे यजमान नरहरराव वारले. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. अंथरायला पुरेना, तेव्हा नागूबाईने मला खाली आणून पुढच्या खोलीत, सोप्यात पसरले. चिठ्ठी कधी गळून पडली कोण जाणे. पहिल्यांदाच माणसे माझ्यावर बसली. म्हातारी बसली, लहान मुले लोळली, एक तान्हे बाळ माझ्यावर झोपले. मी कुठून आलो ते कोणालाच ठाऊक नव्हते.

नलिनीबाई भिंतीला टेकून बसलेल्या असत. रडणे सोडा, त्या कोणाशी धड बोलल्याही नव्हत्या. तेराव्याच्या आदल्या दिवशी इंदुताईंनी, ज्यांनी आपल्याला मिळालेला जमखाना कधी नीट पाहिलाच नव्हता, माझ्यावरून हात फिरवत सहज विचारले, “वहिनी, ह्यो जमखाना कुठला? नवाच दिसायलाय.”

‘बाजारातला’ म्हटले असते तरी चालले असते.

“कुष्ठरोग्यांच्या वस्तीतला आहे,” नलिनीबाई म्हणाल्या. “बसव्वा नावाच्या बाईनं विणलाय. ती बरी होऊन काम मागायला आली होती. मी दिलं नाही.”

इंदुताईंनी हात काढून घेतला. कोणाला पाणी प्यायचे होते, कोणाला बसची वेळ आठवली. बाळाला त्याच्या आईने उचलले. आवाज न करता एकेक जण उठला. उरल्या फक्त शेजारच्या किराणा दुकानातल्या महादेवी, पाय पसरून बसलेल्या.

“इतके दिस ठावं नव्हतं, आता ठावं झालं,” त्या म्हणाल्या. “म्हनून का उठायचं? अन् माझं गुडघं तरी कुठं उठू द्यायलेत.” मग त्या हाताच्या आधाराने थोड्या सरकल्या. “या बाई, हितं बसा.”

नलिनीबाई आल्या आणि माझ्यावर बसल्या. तेव्हा त्या रडल्या. नवऱ्यासाठी की आणखी कशासाठी, ते मला सांगता येणार नाही.

महिनाभराने दोघी मिळून वस्तीवर जाऊन आल्या. बसव्वा तिथे नव्हती. सोलापूरकडे कुठेतरी मागावर काम मिळते म्हणून गेली, एवढेच तिथल्या लोकांना ठाऊक होते. आणि बसव्वा भेटली असती तरी नलिनीबाईंच्या हातात आता वसतिगृह नव्हते. त्या दोघी परत आल्या, पायांवर पाणी घेतले आणि माझ्यावर बसून चहा प्याल्या. त्या दिवसापासून मी सोप्यातच आहे. गल्लीतल्या मुली संध्याकाळी गणिते विचारायला येतात, माझ्यावर शाई सांडतात, गोंडे उपसतात.

मित्रांनो, सणाला कोणाच्या मदतीसाठी म्हणून एखादी वस्तू विकायला आली, तर जरूर घ्या. त्या पैशाने औषधे येतात, ते मी पाहिले आहे. घेतलेली वस्तू वापरा, मळवा, धुवा, वाळत घाला. आणि ती करणारे माणूस कधी तुमच्या दारात आले, तर थोडे सरका आणि त्याला जागा द्या. बसव्वाला तशी जागा पुढे कोणी दिली की नाही, हे मला अजून कळलेले नाही.