लग्नघरातली कोरी कॉफी

अमरसिंहने काट्यावरचा आकडा पाहिला, वाटीतल्या दोन बिया उचलून परत डब्यात टाकल्या आणि मग चक्की फिरवायला घेतली. हाताने फिरवायची चक्की होती. विजेच्या चक्कीत बिया तापतात आणि तापल्या की त्यांचा वास उडून जातो, हे तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. कुणी विचारलं नाही तरी सांगत असे.

दाराशी आई येऊन उभी राहिली. धोंडुबाईंनी घरातलं पातळ बदललं होतं आणि हातात कापडी पिशवी होती.

“वैनी गेली. तुजी मामी,” त्या म्हणाल्या.

चक्की थांबली.

“कधी?”

“परवा दिशी. आज रक्षाविसर्जन हाय. खाली भाजीवाली आलती, मामाच्या गावची. ती सांगून गेली. तिला वाटलं, आम्हांस्नी ठावं असंल.”

“मामानं सांगावा न्हाय धाडला?”

“न्हाय.” धोंडुबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “लग्नाला बोलावल्याबिगर जाऊ न्हाय, आन् मयताला बोलावण्याची वाट बघू न्हाय. मी एसटीनं जाते. तुला यायचं तर बघ.”

अमरसिंह उठला. दळलेली कॉफी तशीच पडू देण्याची ती त्याची पहिलीच वेळ असावी. गाडीची किल्ली घेताना सवयीने त्याचा दुसरा हात थर्मासकडे गेला. स्वप्नालीने तो त्याच्या हातातून काढून परत फळीवर ठेवला.

“आज नको,” बायको म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, पण त्याने हात मागे घेतला.

त्या थर्मासची सगळ्या पाहुण्यांत थट्टा होई. शिरोलीच्या एका फौंड्रीत अमरसिंह तपासणी विभागात साहेब होता. ओतून आलेल्या भागात केसभर फट असली तरी त्याच्या नजरेतून सुटत नसे. पूर्वी तिकडे तमिळनाडूत होसूरला नोकरीत असताना त्याला कॉफीचा नाद लागला, आणि तपासणीची ती नजर जिभेवर येऊन बसली. कोल्हापुरात माणसं कट्ट्यावर उभी राहून म्हशीचं धारोष्ण दूध पितात; हा गडी दुधाला शिवत नव्हता. बिया चिकमगळूरच्या, त्याही एकाच मळ्यातल्या, भाजून फार दिवस न झालेल्या. पाणी उकळून जरा निवलेलं. साखर नाही, दूध नाही. फौंड्रीतला चहा तो पीत नसे. सासुरवाडीला केलेली कॉफी त्याने ओठाला लावून खाली ठेवली होती, आणि सासूबाईंनी “काय चुकलं का?” म्हणून विचारल्यावर काय काय चुकलं ते सगळं सांगितलं होतं. स्वप्नाली ते अजून बोलून दाखवते.

माणसाच्या जिभेला देवाने दोन कामं दिली आहेत, चव घ्यायचं आणि बोलायचं. अमरसिंहची जीभ पहिल्यात जितकी तरबेज तितकीच दुसऱ्यात अडाणी. त्यापायीच मामाचं घर तुटलं होतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. अमरसिंहचं लग्न आठवड्यावर आलं होतं आणि कृष्णातमामा भाच्याला केळवणाचं आवतण द्यायला आला होता. हातात भाच्यासाठी घेतलेल्या लग्नाच्या कपड्यांची पिशवी, आणि “नवरदेव कुठं हाय?” ही आरोळी जिन्यातूनच. मामाचा आवाजच तसा होता. घरात बोलला तर शिवारात ऐकू जाई, आणि मामी त्याला आतून उत्तर देई तेही तेवढ्याच पट्टीत. अमरसिंहला मामा फार आवडायचा. म्हणून तर त्या दिवशी त्याने सगळ्यांत चांगल्या बिया काढल्या, मन लावून कॉफी केली आणि काचेच्या छोट्या पेल्यातून मामापुढे ठेवली. काळी, बिनसाखरेची.

मामाने पेला उचलून उजेडात धरला.

“दूध इसारलास व्हय रं?”

“दूध घालायचं नसतंय, मामा. दूध घातलं की कॉफी मरती.”

मामाचा चेहरा उतरला. त्यांच्याकडे घरातलं माणूस गेलं की सुतक फिटेपर्यंत चहात दुधाचा थेंब पडत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला कोरा चहा. कोरं म्हणजे दुखवट्याचं. सुखाच्या घरात ते कुणी पुढे करत नाही, आणि लग्नघरात तर मुळीच नाही.

“लग्नाच्या घरात कोरं देतोस? कोन मेलंय रं तुज्या घरात?”

तेव्हा नुसतं “चुकलं मामा” म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण अमरसिंह हसला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

“अडाण्यासारखं काय बोलतासा, मामा,” तो म्हणाला, आणि तेही स्वप्नालीचे वडील समोर बसलेले असताना.

मामाने पेला खाली ठेवला, कपड्यांची पिशवी त्याच्या शेजारी ठेवली आणि जिना उतरला. लग्नात बोहल्यावर नवरदेवाच्या पाठीमागे उभं राहायला मामा नव्हता. ऐनवेळी एक चुलत मामा उभा करून वेळ निभावून नेली. तेव्हापासून धोंडुबाईंना माहेर उरलं नाही. दिवाळीला भाऊ आला नाही. पोस्टाने धाडलेल्या राख्यांचं काय झालं, तेही कधी कळलं नाही. अमरसिंह मात्र माफी मागायला गेला नाही. कॉफीत काही चूक नव्हती, असं त्याचं म्हणणं. कॉफीत नव्हतीच, पण त्याला सांगणार कोण.

पंचगंगेचा पूल ओलांडून गाडी पन्हाळ्याच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता.  मग धोंडुबाई समोर रस्त्याकडे बघतच म्हणाल्या,

“अमर, त्यो कायबी बोलला तरी उलटून बोलू नगंस. शिव्या दिल्या तर खा. मला तेवढं त्या दारातनं आत जाऊ दे. माजं माहेर तू मोडलंस, म्हणून तुला सांगते.”

चार वर्षांत त्या इतकं थेट कधी बोलल्या नव्हत्या. मागच्या सीटवरून स्वप्नालीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. अमरसिंहने मान हलवली. त्याला लाज वाटली, आणि गाव येईपर्यंत ती काही केल्या उतरली नाही.

गडाच्या पायथ्याला मामाचं घर. रक्षा सावडून माणसं नुकतीच परतली होती. अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. पुरुष बाहेर, बायका आत. मामा सोप्याच्या भिंतीला टेकून बसला होता. एवढा दांडगा माणूस, पण अंगातला सदरा दुसऱ्या कुणाचा असावा तसा सैल दिसत होता.

धोंडुबाई अंगणाच्या तोंडाशीच थांबल्या. मामाने त्यांना पाहिलं. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. वर केलेली नजर तशीच खाली घातली. तेवढ्यात आतल्या बायकांचं लक्ष गेलं आणि “आलीस गं बाई, पर उशिरा आलीस” म्हणत त्यांनी गळा काढला. दोघीतिघींनी बाहेर येऊन धोंडुबाईंना धरून आत नेलं. स्वप्नाली पाठोपाठ गेली. अमरसिंह सतरंजीच्या कडेला बसला. या घराने सांगावा धाडला नव्हता हे सगळ्या अंगणाला ठाऊक होतं, त्यामुळे त्याच्याशी काय बोलावं हे कुणाला कळत नव्हतं. शेजारचा माणूस नुसता जरा सरकला.

शेजारच्या घरातून किटली आली. मामाची सून कागदी कप भरत ओळीने पुढे येऊ लागली. कोरा चहा. उकळून उकळून काळा पडलेला. त्याचा वास अमरसिंहला लांबूनच आला, आणि सवयीप्रमाणे त्यात काय काय बिघडलंय ते मनातल्या मनात मांडायला त्याने सुरुवातही केली. मग स्वतःचाच राग येऊन त्याने ते थांबवलं. आज हा चहा प्यायचा होता. दुखवट्याचा चहा नको म्हणणं म्हणजे त्या घराचं दुःख नको म्हणणं. सून समोर आली तसा त्याने हात पुढे केला.

“त्याला देऊ नगंस,” मामा म्हणाला.

आवाज मोठा नव्हता, तरी सगळ्या अंगणाला ऐकू गेला. सुनेचा हात कपासकट थबकला. अमरसिंहचा पुढे केलेला हात तसाच राहिला. मागे घ्यावा की ठेवावा, त्याला कळेना. आतलं रडणंही थांबलं होतं. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला धोंडुबाई येऊन उभ्या राहिल्या. आता मामा आपल्याला ऊठ म्हणणार, आणि आपल्याबरोबर आईलाही या घरातून उठावं लागणार, एवढंच त्याच्या मनात आलं. चार वर्षांपूर्वीचं ते हसू परत गिळता आलं असतं तर त्याने तिथल्या तिथे गिळलं असतं.

“त्याचं आत हाय,” मामा सुनेला म्हणाला. “सकाळीच सांगितलंय न्हवं तुला? आण जा.”

सून आत गेली आणि पदराच्या टोकात धरून स्टीलचा पेला घेऊन आली. पेल्यात कॉफी होती. म्हशीच्या घट्ट दुधातली, वर साय धरलेली. जायफळाचा वास सगळ्या अंगणात पसरला. ओळीत बसलेल्या प्रत्येकाच्या हातात काळा चहा, आणि दुधाचा पेला तो एकच.

“किसना,” एक म्हातारा हलक्या आवाजात म्हणाला, “दुखवट्यात दूध काढलंस?”

“मी न्हाय काढलं.” मामा जमिनीकडे बघत होता. “हिनंच सांगून ठिवलंय. दवाखान्यातनं घरला आणली तवा म्हनली, मी गेल्यावर अमर यील. तुमी सांगावा धाडू नगा न्हाईतर धाडा, पर त्यो यील. लगीन झाल्यापासनं पोरगं ह्या दारात आलेलं न्हाय. पैल्यांदा येतंय, त्याला कोरं देऊ नगा. दुधाचं द्या. च्या पीत न्हाय त्यो, कॉफी करा.”

कुणीतरी ओझं सोपवून जावं आणि दुसऱ्याने ते जसंच्या तसं पोचतं करावं, तसं तो बोलला.

अमरसिंहने पेला घेतला. पुडीतली पावडर दुधात घालून ती ऊतू जाईपर्यंत उकळलेली होती आणि साखर हाताला येईल तेवढी ओतलेली होती. पहिल्या घोटाला साय ओठाला चिकटली. एरवी कुणाच्या लग्नात, कुणाच्या बारशात असता तर त्याने पेला हळूच खुर्चीखाली ठेवला असता. आज त्याने दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. मामी आपली वाट बघत होती आणि आपण, कॉफीत काही चूक नव्हती असं म्हणत चार वर्षं घरी बसलो, हे त्याला आत्ता कळत होतं आणि त्याला फार वाईट वाटत होतं. डोळे भरून आले ते त्याने पुसले नाहीत.

“कशी झालीया?” मामाने विचारलं.

“चांगली हाय, मामा.”

मामाने मान वर केली. आल्यापासून पहिल्यांदाच त्याने भाच्याकडे सरळ पाहिलं.

“पावण्यासारखं बोलू नगंस. आजोळाला आलायस. खरं काय ते सांग.”

अंगणातली माणसं अमरसिंहच्या तोंडाकडे बघू लागली. उंबऱ्यात आई होती. तिने गाडीत काय बजावलं होतं ते त्याला शब्दन्‌शब्द आठवत होतं. तिकडे न बघता त्याने पेला दोन्ही हातांत धरला.

“लई गोड झालीया,” तो हळूच म्हणाला. “आन् जायफळ जास्ती पडलंय.”

शेजारच्या माणसाने जीभ चावली. एकदोघांनी माना खाली घातल्या. मामा मात्र भाच्याकडे बघतच राहिला, आणि बघता बघता त्याचा सगळा चेहरा सैल झाला. त्याने मांडीवर थाप मारली, मान आतल्या दाराकडे वळवली आणि घर हलेल अशा आवाजात ओरडला,

“ऐकलंस काय गं? गोड झालीया म्हंतोय तुजा भाचा! दुसरी कर त्याला!”

आवाज परसाच्याही पलीकडे गेला. मग तो मामाला स्वतःलाच ऐकू आला असावा. त्याचं तोंड उघडंच राहिलं. अंगणात कुणी हललं नाही, कुणी कुणाकडे पाहिलं नाही. जिकडून इतकी वर्षं मामीचं उत्तर यायचं तिकडे मामा नुसता बघत राहिला.

उंबऱ्यात धोंडुबाईंनी पदर कमरेला खोचला.

“ऐकलं, दादा,” त्या म्हणाल्या. “करते.”

आणि त्या स्वयंपाकघराकडे वळल्या.