आत्याचं शून्य

आत्या म्हटलं की मला आधी शिट्टी ऐकू येते. परळच्या शाळेचं मैदान, भाद्रपदातलं धुतलेलं कोवळं ऊन, लेझीम धरून उभ्या असलेल्या मुलींच्या रांगा, आणि त्या सगळ्यांवरून सरळ रेघ ओढावी तसा तो दीर्घ, निःशंक स्वर. माझी सुमनआत्या व्यायामाची शिक्षिका. गुडघा फुटून एखादी मुलगी रडायला लागली की ती एवढंच म्हणायची, "दुखतंय म्हणायचं नाय. ऊठ!" मुली उठायच्या. घरी आम्हीही उठायचो. गिरण्या बंद पडल्या तेव्हा आमची अख्खी चाळ याच एका वाक्यावर तगली, असं तिचं ठाम मत होतं, आणि तिच्यापुढे नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

निवृत्तीनंतर तिच्या डाव्या फुप्फुसात गाठ निघाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. बोलणं मृदू, नजर मात्र कसोशीची. एकच औषध भरमसाट न देता दोन-तीन औषधं थोडी थोडी एकत्र देणार, पाठीत बारीक नळी ठेवून तिच्यातून छाती बधिर करणार, असं त्यांनी समजावलं. "म्हणजे गुंगीचं औषध कमी लागेल, लवकर शुद्धीवर याल, मोकळं खोकता येईल. फक्त किती दुखतंय ते खरं सांगा. शून्य ते दहा." आत्याने मान डोलावली.

ऑपरेशन नीट झालं. मग नर्स येऊन विचारायची आणि आत्या म्हणायची, "शून्य." सकाळी शून्य, दुपारी शून्य. त्या शून्यावर विश्वास ठेवून नळीतलं औषध कमी होत गेलं. कपाळावर घाम, मुठीत आवळलेली चादर, गळ्यापाशी येऊन परत फिरणारा श्वास. मला सगळं दिसत होतं, आणि मी तिची भाची, मीही गप्प बसले. त्याचा राग मला अजून येतो.

दुसऱ्या दिवशी ताप चढला. डॉक्टरबाईंनी खोकायला सांगितलं. खोकला अर्ध्यावरच मोडला.

"बाई, तुम्ही शून्य म्हणता, खोकला आठ म्हणतोय. कफ साठतोय. असंच राहिलं तर पुन्हा घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल. मी औषधं मापाने देते, आणि माप तुम्ही खोटं सांगताय."

आत्या माझ्याकडे वळून पुटपुटली, "दुखतंय म्हटलं म्हणजे हरलंय ना गो मी."

"गप्प राहिलीस तर हरशील," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा तिला उलट बोलले.

तिने डोळे मिटले. उरलासुरला श्वास गोळा केला, आणि मैदानावरच्या त्या हुकमी आवाजात सगळ्या वॉर्डाला ऐकवलं, "दुखतंय! आठ नाय, नऊ!"

नळीतलं औषध वाढलं, सोबतीला दुसरं जोडलं गेलं. संध्याकाळी खिडकीतून तिरपं ऊन खाटेवर आलं तेव्हा ती छातीशी उशी धरून खोकत होती, खणखणीत, कुणाची भीडभाड न ठेवता. दोन दिवसांत तापही उतरला.

पुढे काही वर्षं ती धडधाकट जगली. मैदानाच्या कडेला बसायची आणि पडलेल्या मुलीला विचारायची, "किती दुखतंय? खरं सांग. मग ऊठ." आता ती नाही. शिट्टी माझ्या घरी खिळ्याला आहे, श्वासावाचून मुकी. काळ गेला की दुःख ओसरतं, असं सांत्वन करणारे अजून भेटतात, आता किती उरलंय म्हणून विचारतात. मी तिचीच भाची. काळालासुद्धा खोटं माप देणार नाही. नऊ.