नंदीमागचा दगड

बसलिंगप्पाचं खाकरणं ऐकलं की दाक्षायणी खिडकी लावून घ्यायची. पेठेच्या विहिरीच्या दाराची किल्ली त्याच्या करदोट्याला. तो विहीर समितीचा अध्यक्ष. कुणी पाणी भरायचं अन् कुणी नाही, हे तोच ठरवणार.

तसा नियम होता की! अध्यक्षानं दोन वर्षं किल्ली सांभाळायची आणि पाडव्याला दुसऱ्याच्या हाती द्यायची. तिसरं वर्ष कुणालाच नाही. विहिरीपाशी दगडावर चक्क कोरून ठेवलेलं. आणि कोरायला लावलं कुणी? याच बहाद्दरानं! आधीचा अध्यक्ष किल्ली सोडेना, तेव्हा "हीर काय तुज्या बापाची हाय?" म्हणून सगळ्यांत मोठ्यानं हाच ओरडला होता.

आता स्वतःची दोन वर्षं भरत आली, तसा त्यानं त्या दगडापुढं नंदी आणून बसवला. चांगला गुडघ्याएवढा, काळा कुळकुळीत. नियम गेला नंदीमागं. देवाला हलवणार कोण? बाया येता-जाता विभूती लावायला लागल्या. दाक्षायणीच्या शेजारची सिद्धम्मा, तिनं एकटीनं तोंड उघडलं. "अण्णा, नंदी बशिवायला दुसरी जागा न्हवती व्हय?" दुसऱ्या दिवसापासून तिच्या घागरीला विहीर बंद. घरात सून ओली बाळंतीण, आणि ही म्हातारी उन्हातान्हात लांबच्या तळ्यातलं गढूळ पाणी वाहतेय. पेठ आपापल्या घागरी भरत राहिली.

दाक्षायणीला एकच आशा होती. यंदा किल्ली तिच्या नवऱ्याकडं, महादेवप्पाकडं यायची होती. पंचांनी तसं ठरवलंही होतं. "पाडवा होऊ दे, पयली घागर तुजी," असा शब्द तिनं सिद्धम्माला दिला होता.

पाडव्याला पंच विहिरीपाशी जमले. दाक्षायणी विहिरीसमोरच्या आपल्या खिडकीतून बघत होती. बसलिंगप्पा नंदीला रेलून बसलेला.

"गेलं साल मार्शल लॉचं, गोऱ्या सोजिरांच्या धाकात गेलं. औंदा पान्याची ही तऱ्हा. अशा वक्ताला नवखा मानूस कशाला?" तो म्हणाला. "मला हौस न्हाय बगा. पन तुमीच म्हनत असाल तर…"

कुणी काही म्हणालंच नव्हतं! तेवढ्यात महादेवप्पा उठला. किल्ली मागायलाच उठला, असं तिला वाटलं.

"ऱ्हाऊ द्या की अण्णांकडंच," तो म्हणाला. "त्यांच्यावानी दुसरं कोन हाय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मेले नंदीबैल!

संध्याकाळी बसलिंगप्पाचा गडी परसातलं पिंप काठोकाठ भरून गेला. महादेवप्पा उघड्या अंगानं न्हाणीत बसून तांब्यावर तांबे ओतत होता. सिद्धम्माची सून तिकडं घोटभर पाण्याला महाग, आणि हा बाबा रेड्यासारखा डुंबतोय!

"आता रोज येनार हाय," तो खुशीत म्हणाला. "जरा पाठ चोळ की."

"आन मी शब्द दिला त्येचं काय?"

"कसला शब्द?"

शी! त्याच्या त्या ओल्या पाठीची तिला किळस आली. तिनं पिंपातून घागर भरली, कडेवर घेतली आणि तडक सिद्धम्माचं दार गाठलं.

आत बाळ रडत होतं. सिद्धम्मा घागरीकडं बघत राहिली.

"काय इकून आनलंय हे, ठावं हाय मला," ती म्हणाली. "पन सून तापानं फनफनलीया. दे हिकडं."

ती नको म्हणाली असती, तोंडावर दार लावलं असतं, तर बरं झालं असतं, असं दाक्षायणीला वाटलं. सिद्धम्मानं घागर आत नेली, रिकामी करून आणली. दाक्षायणी वळली, तशी म्हातारीनं तिचा पदर धरला.

"दाक्षा, तुज्या मालकाला सांग. म्हनावं, अण्णांच्या कानावर घाला," ती खाली बघत म्हणाली. "नंदी हाय तितंच लई शोभतोय. सिद्धम्माच म्हनत हुती म्हनून सांग."